माहेरच्या नावाचा रकाना

मार्च अर्धा सरला की चहाचं आधण ठेवण्याआधी मी खिडकीबाहेरचा थर्मामीटर बघते. रात्री पाणी गोठवणारी थंडी आणि दुपारी पागोळ्या लावणारं ऊन, असे चार-सहा दिवस ओळीने आले की मेपलच्या झाडात रस चढतो. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहणाऱ्या माझ्यासारख्या बाईला याच्याशी काही देणंघेणं असायचं खरं तर कारण नाही. आमच्या घरामागे एक मेपल आहे, पण त्याच्या खोडाला भोक पाडलं तर सोसायटीचं पत्र येईल, आणि त्याच्याही आधी आमच्या ह्यांचं भाषण येईल. तरी मी बघते. काल लूसीलने फोटो पाठवला. अंगणातली चार झाडं, चार पत्र्याच्या बादल्या आणि खाली एकच शब्द, ‘सुरू’. तो बघितला आणि गेल्या वर्षीचा हाच हंगाम पुन्हा आठवला.

लूसील म्हणजे माझी विहीण, माझ्या सईची सासू. विहीण म्हटल्यावर जे काही डोळ्यांसमोर येतं त्यातलं तिच्यात काहीही नाही. मानपान नाही, रुसवा नाही, टोमणा नाही. आमच्या जोडीत हे सगळं खातं माझ्याकडे आहे. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, नवरा गेल्यापासून एकटी राहते, इथून दीड तास उत्तरेला, एका लहानशा गावात. दर वर्षी झाडांना बादल्या लावते, परसात विटांची चूल मांडते आणि दिवसभर रस आटवत बसते. चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा एक बादली पाक मिळतो. त्या वाफेला थेट काकवीचा वास येतो. पहिल्यांदा तो घेतला तेव्हा मिनेसोटाच्या गुडघाभर बर्फात उभी राहून मी ढसाढसा रडले होते. लूसीलने कपभर गरम रस हातात दिला आणि चुलीत लाकूड सारलं. आमची मैत्री त्या दिवशी झाली.

गेल्या वर्षी तिला एक गोष्ट हवी होती. आजीचं नाव.

तिच्या आजीच्या थडग्यावर ‘मिसेस जोसेफ यंग’ एवढंच लिहिलंय. घरात सगळे तिला मेमेर म्हणत, म्हणजे आजी. जंगलात लाकूड तोडायचं काम मिळालेल्या नवऱ्यामागोमाग ती कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेकहून या मुलखात आली, अकरा मुलं तिने जन्माला घातली, त्यांतली चार पुरली. लूसील तिच्या मांडीवर वाढली. तिच्या एप्रनच्या खिशात कुठल्या बाजूला रुमाल आणि कुठल्या बाजूला जपमाळ असायची तेही तिला आठवतं. नाव मात्र माहीत नाही, आणि सांगणारं कुणी उरलेलं नाही. “लहानपणी कुणी विचारलं तर मी सांगायचे, आजीचं नाव आजी,” ती म्हणाली. “आता मीच आजी झाले, तरी माझं उत्तर तेच. मरण्याआधी मला तिचं नाव हवंय.”

मी म्हटलं, मी शोधते. तीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पोट भरलं. निवृत्त झाल्यावर ती खोड जात नाही, हॉटेलच्या मेनूकार्डावरसुद्धा पेन चालवावंसं वाटतं. शिवाय त्याच सुमाराला मी स्वतः असंच एक काम संपवून हात झटकले होते. त्या कामाबद्दल सांगायलाच हवं, कारण दुखणं तिथलं आहे.

आमच्या माहेरच्या घराण्याचा कुळवृत्तांत आहे. मूळपुरुष, त्याच्या शाखा, पिढ्या, कोण काय शिकला, कुठे चिकटला, असलं जाडजूड पुस्तक. आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या पुस्तकाने माझं नाव लिहिलं नाही, मी त्याचं लिहिणार नाही. जुनी आवृत्ती निघाली तेव्हा मी आठवीत होते. बाबांनी ती कौतुकाने घरी आणली, आणि मी हात धुऊन, परकर सावरून, जमिनीवर बसून आमचं पान काढलं. माझा भाऊ विनायक, म्हणजे विनू, तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला नीट र म्हणता येत नव्हता. त्याचं नाव होतं, जन्मसालासकट. त्याच्या खाली होतं, ‘कन्या एक’. मी बाबांना विचारलं, ही कन्या एक म्हणजे मी का? ते हसले. म्हणाले, “अगं, तू लग्न होऊन जाणार. तुझं नाव तिकडच्या पुस्तकात येईल.”

आलं ना. आमच्या ह्यांच्या घराण्याचंही पुस्तक आहे, आणि त्यात मी आहे, ‘सौ. अपर्णा’. पण मी जन्माची नलिनी. बोहल्यावर ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, ते ह्यांच्या आत्यांनी ठरवलेलं होतं आणि मला तिथेच कळलं. सगळे वाचायला वाकले, मीही वाकले. नाव चांगलं होतं, वाईट म्हणायला जागा नव्हती. मग ते ताट कुणीतरी उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खीर झाली आणि मी ती वाटीभर खाल्ली, वेलदोडा जास्त झाला होता. नलिनीचा एकही कागद पुढे कामाला आला नाही. पासपोर्टवर अपर्णा, ऑफिसच्या बिल्ल्यावर अपर्णा, आणि माझी बीएस्सीची पदवी कुणा दुसऱ्याच बाईची असल्यासारखी फाइलमध्ये पडून.

म्हणून तीन वर्षांपूर्वी विनूचा फोन आला तेव्हा मी गॅस बंद करून ऐकायला बसले. “ताई, नवी आवृत्ती काढतोय. मी संपादक मंडळात आहे. या वेळी मुली नावानिशी घ्यायच्या, त्यांच्या मुलाबाळांसकट. तुझं नाव मी स्वतः टाकणार, नलिनी म्हणून. अमेरिकेतली माहिती तेवढी तू गोळा कर.”

मी ती अशी गोळा केली की कुणी पगार देऊन करणार नाही. पश्चिमेच्या बॉथेलपासून पूर्वेच्या अ‍ॅशबर्नपर्यंत आमच्या आडनावाचं जे जे घर होतं तिथे फोन केले. काही पोरं इथेच जन्मलेली, मराठी समजतं पण बोलता येत नाही. एकजण म्हणाला, “आंटी, नो ऑफेन्स, पण इज धिस अ स्कॅम?” एकीने तर माझ्याकडे उलट माझाच फॅमिली ट्री मागितला, प्रूफ म्हणून. मी सगळ्यांना पुरून उरले. फॉर्मही मीच बनवला. पहिल्या फॉर्मवर पत्नीच्या नावापुढे ‘माहेरचे नाव’ असा एक रकाना होता. त्याच्यामुळे पान आडवं छापावं लागे, आणि लोक तो रिकामाच ठेवून परत पाठवत, की पुन्हा फोन. शेवटी मी तो रकाना काढून टाकला. फॉर्म एका उभ्या पानात बसला. एखादी चूक दुरुस्त झाल्यावर वाटायचं तसं मला छान वाटलं. पुण्यालाही तोच फॉर्म सगळीकडे गेला.

तर हे काम संपलेलं, पुस्तक छापखान्यात गेलेलं, आणि मी लूसीलच्या स्वयंपाकघरात दर मंगळवारी. टेबलावर माझा लॅपटॉप, बाहेर चूल. जुन्या चर्चच्या नोंदवह्या आता कॉम्प्युटरवर बघता येतात. पाद्र्याचं तिरकं फ्रेंच अक्षर, शाई कुठे जाड कुठे पुसट, आणि साचा मात्र दोनशे वर्षं तोच. आज बाप्तिस्मा दिला, काल जन्मली, अमुकची मुलगी, बाप शेतकरी, आई तमुक. लूसीलला बापाच्या तोंडून ऐकलेलं फ्रेंच थोडं येतं, मला साचा ओळखता येतो, असं आम्ही दोघी मिळून एक माणूस पुरं करत होतो. दर अर्ध्या तासाने ती उठून रसावरचा फेस काढून यायची, आणि तिच्याबरोबर दारातून थंड हवेचा लोट आणि तो काकवीचा वास आत यायचा.

त्यांच्या नावांची तऱ्हा मला फार आवडली. आडनावाला ‘ऊर्फ’ लागलेलं असायचं, थेट आपल्यासारखं. कुणी पूर्वज सैन्यात होता, त्याला सोबत्यांनी तरुण म्हणून हाक मारली, लाजनेस, तर पुढच्या सगळ्या पिढ्या लाजनेस. आणि अमेरिकेत आल्यावर कुणा कारकुनाने त्याचंच ‘यंग’ करून टाकलं. एखादं मूल तान्हेपणी गेलं तर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायचे. एका घरात दोन वर्षांत दोन रोझाली बघून मी चूक, चूक म्हणून ओरडणार होते, तेवढ्यात पहिलीच्या दफनाची नोंद दिसली. मग बराच वेळ मी पुढचं पान उलटलं नाही.

आम्ही लूसीलच्या वडिलांची नोंद शोधत होतो, कारण वडिलांच्या बाप्तिस्म्यात त्यांच्या आईचं नाव असणार. वडील आर्थर यंग. तीन आठवडे मी आर्थर शोधला. यंगमध्ये नाही, लाजनेसमध्ये नाही. पानंच्या पानं जोसेफ यायचे, ते मी सोडून द्यायचे, कारण जोसेफ हे तर आजोबांचं नाव, नाहीतर कुणी काकांचं. तिसऱ्या मंगळवारी लूसील चुलीपाशी उभी राहून सहज म्हणाली, “माझ्या दाखल्यावरसुद्धा मारी तेरेझ लूसील आहे.” मी विचारलं, मारी कोण? ती म्हणाली, “अगं, आम्ही सगळ्याच मारी. आणि मुलगे सगळे जोसेफ.” हे तिला इतकं उघड होतं की ते सांगायची गोष्ट आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

म्हणजे पहिलं नाव देवाघरचं, येशूच्या आईबापांचं. मुलींना मारी, मुलांना जोसेफ. दुसरं नाव बाप्तिस्म्याला बाळ हातात धरणाऱ्या धर्ममातेचं नाहीतर धर्मपित्याचं, धर्ममाता म्हणजे साधारण आपली बारशाची आत्या. आणि तिसरं, सगळ्यांत शेवटचं, ते आपलं स्वतःचं. आपल्याकडे आपण पहिले आणि मागे बाप आणि घराणं, त्यामुळे माझी नजर पहिल्या नावावर जाऊन थांबत होती. मी लॅपटॉप चुलीपाशीच नेला आणि सोडून दिलेले जोसेफ पुन्हा वाचायला घेतले. संध्याकाळी तो सापडला. जोसेफ एदमों आर्थर, बाप जोसेफ बर्जेरॉन ऊर्फ लाजनेस, मजूर. आई एग्झिल्डा गान्यों.

लूसीलने ते नाव मोठ्याने म्हटलं नाही. ओठ हलवले फक्त. मग आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली, जी आधीच घासलेली होती.

पुढच्या मंगळवारी क्युबेकमधल्या गावची वही सापडली, आणि त्यात आजी पुरती सापडली. मारी रोझाली एग्झिल्डा गान्यों. त्या वह्यांमध्ये मला जे दिसलं त्याने मी चक्रावले. बाई बाप्तिस्म्याला गान्यों, लग्नात गान्यों, तिच्या प्रत्येक मुलाच्या नोंदीत आई म्हणून गान्यों, आणि पुरताना ‘अमक्याची बायको’ लिहिलं तरी नाव गान्योंच. अक्षरओळख नसलेल्या, सहीच्या जागी फुली मारणाऱ्या शेतकऱ्यांच्या बायका, पण जन्मासोबत आलेलं नाव मरेपर्यंत कुणी काढून घेतलं नाही. नवऱ्याचं झाकण तिच्यावर बसलं ते सरहद्द ओलांडून इकडे आल्यावर, थडग्याच्या दगडावर. मी लूसीलला म्हटलं, आमच्याकडेही आता बदलतंय. माझ्या भावाने पुस्तक काढलंय, त्यात मी आहे, माझ्या जन्माच्या नावाने. हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच होता. तिने पाकाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. “मग हे सेलिब्रेट करायला हवं,” ती म्हणाली.

त्याच शनिवारी पुस्तक आलं. शेजारच्या मानसीचे आईवडील पुण्याहून यायचे होते, त्यांच्या बॅगेतून. मी हात धुतले. परकर नव्हता, पण जमिनीवरच बसले. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठावर कुलदेवतेचा रंगीत फोटो. आमचं पान काढलं. विनायक, बीई, पुणे. पत्नी सौ. शैला. त्याचा मुलगा, सून, नातू. आणि त्याच्या वर, बाबांच्या नावाखाली, ‘कन्या एक (विवाहित, अमेरिका)’.

पन्नासहून अधिक वर्षांत माझी प्रगती झाली ती एवढी, कंसाची.

मी पान पुढे-मागे केलं, शुद्धिपत्र बघितलं, सूचीत ‘न’ हे अक्षर शोधलं. मग प्रस्तावना वाचली. तिच्या शेवटी आभार होते. ‘अमेरिकेतील माहितीसंकलनासाठी सौ. अपर्णा’ आणि पुढे सासरचं आडनाव, ‘यांचे मोलाचे साहाय्य लाभले.’ छापखान्याच्या आणि मुखपृष्ठाच्या फोटोग्राफरच्या आभारांच्या मधोमध. ज्या घराण्याची मी, त्या घराण्याने माझे परक्यासारखे आभार मानले होते, आणि तेही मला त्यांनी न दिलेल्या नावाने.

आमचे हे म्हणाले, “अगं, पण तू इकडच्या पुस्तकात आहेस ना? तू उगाच इश्यू करतेस.” सईला फोन केला. ती प्रेमळ आहे, पण ती इथे वाढली. म्हणाली, “आई, आय गेट इट, तू हर्ट झालीस. पण इट्स जस्ट अ बुक. हू इव्हन रीड्स इट?” मी म्हटलं, मी वाचते. आठवीपासून वाचते. ती म्हणाली, “ओके. आय डिडन्ट नो दॅट.”

रविवारी सकाळी विनूचा नेहमीचा फोन. आम्ही दर रविवारी बोलायचो, तो संध्याकाळचा चहा पीत, मी सकाळचा.

“मिळालं का पुस्तक? छपाई झकास आलीय ना?”

“विनू, माझं नाव नाहीये.”

तिकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. “ताई, अगं, मंडळातल्या ज्येष्ठांनी हरकत घेतली. मुलींच्या शाखा घेतल्या तर पानं दुप्पट होतात. मी एकटा पडलो.”

“हे ठरलं कधी?”

“दिवाळीच्या सुमाराला.”

मी जानेवारीच्या शेवटापर्यंत फॉर्म पाठवत होते. संक्रांतीच्या दिवशी ताप अंगात असताना अ‍ॅशबर्नच्या एका काकांकडून त्यांच्या चार मुलग्यांची जन्मसालं घेतली होती, आणि विनूने फोनवर शाबासकी दिली होती. म्हणाला होता, “काम जोरात चाललंय ताई, तुझ्यामुळे.” दिवाळीपासून मार्चपर्यंतचे सगळे रविवार मी मनात एकेक करून उलटून बघितले. प्रत्येक रविवारी त्याला माहीत होतं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू काम सोडून दिलं असतंस,” तो म्हणाला. इतकं सरळ म्हणाला की मला वाटलं, याला आपण काय बोललो ते कळलेलंच नाही. मग समजूत घातल्यासारखं, “आता काय करायचंय, ताई. पुस्तक तर छापून झालं.”

मी या पोराला कडेवर घेऊन फिरवलं आहे. त्याला र म्हणायला मी शिकवलं. आई कामात असायची, मी त्याला मांडीवर बसवून रथ, रवा, रस्ता असं घोकून घ्यायचे. त्याने मला फसवलं याचं जेवढं दुःख झालं त्याहून जास्त याचं झालं, की फसवताना त्याला काहीच जड गेलं नाही. परक्याने केलं असतं तर मी भांडले असते. मी फोन ठेवला, आणि त्यानंतर कितीतरी रविवार उचलला नाही.

मंगळवारी मी लूसीलकडे गेले. तोंड बघूनच तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “पण अपर्णा हे नाव तर छापलंय म्हणतेस.” मी म्हटलं, ते माझं नाव नाही, माझं नलिनी. ती बघतच राहिली. “दहा वर्षं मी तुला अपर्णा म्हणतेय,” ती हळूच म्हणाली. “मग इतकी वर्षं मी कुणाला हाक मारत होते?” तिच्याही आवाजात जरा दुखावल्याची कड होती आणि ती खोटी नव्हती.

तोवर एप्रिल लागला होता. झाडांवर लाल कळ्या दिसायला लागल्या होत्या. कळ्या फुगल्या की रस बिघडतो, पाकाला उग्र वास येतो, म्हणून तिने बादल्या उतरवून धुऊन पालथ्या घातल्या होत्या. टेबलावर एक मोठा कागद पसरला होता. आमची नात मीरा सहा वर्षांची, तिच्यासाठी लूसील तक्ता काढत होती. मधे मीरा, एका बाजूला लूसीलचं घराणं वर वर चढत गेलेलं, एग्झिल्डाला तिने लाल शाईने लिहिलं होतं. दुसरी बाजू कोरी. “आता तुमची बाजू,” ती म्हणाली. “वहीचा नियम. बाई जन्माच्या नावाने.” मीराच्या वर सई, सईच्या वर माझी चौकट. तिने पेन माझ्या हातात दिलं आणि तुझ्या अक्षरात लिही म्हणाली. मी देवनागरीत लिहिलं, नलिनी. आणि बाबांचं नाव, आणि ते आडनाव. एका फ्रेंच-कॅनडियन घराण्याच्या तक्त्यात मला माझी जागा मिळाली, आणि ते बघून मला आनंद व्हायच्या आधी विनूचा रागच आला.

“आणि नलिनीची आई?” लूसीलने विचारलं.

“सुशीला,” मी म्हटलं आणि लिहायला लागले.

“जन्माचं?”

पेन तिथेच राहिलं. सुशीला हे आईचं सासरचं नाव. ते मला माहीत होतं, कारण मामा तिला कधी सुशीला म्हणत नसत, ताईच म्हणत. माहेरचं नाव काय? आई जाऊन सहा वर्षं झाली, मामा त्याच्याही आधी गेले. मी तिच्या पोटी जन्मले, तिच्या हातचं जेवले, आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. लूसील माझ्याकडे बघत होती. असलं उत्तर ती स्वतः सत्तर वर्षं देत आली होती. आईचं नाव आई.

विनूला मी विचारणार नव्हते. मी शैलाला फोन केला. शैला माझी भावजय, तीस वर्षं त्या घरात आहे, आणि आईची शेवटची अडीच वर्षं अंथरुणात गेली ती तिच्या हातात. मी इथून व्हिडिओ कॉल करायचे आणि आईच्या सुपाबद्दल सूचना द्यायचे. कुशी बदलायचं काम शैलाचं होतं.

“मथुरा,” ती लगेच म्हणाली. “आईंचं माहेरचं नाव मथुरा. शेवटी शेवटी त्या सुशीला म्हटलं तर ओ देत नसत, मथुरा म्हटलं की डोळे उघडायच्या. तुम्हाला माहीत नव्हतं, ताई?”

मी म्हटलं, नाही.

“मी फॉर्मवर लिहिणार होते. पण त्यात तो रकानाच नव्हता.”

ती हे टोचून बोलली नाही. शैला टोचून बोलत नाही, तेवढी सवड तिला त्या घरात कधी मिळाली नाही. मी घाईघाईने थँक्यू म्हटलं, फोन ठेवला, चौकटीत मथुरा लिहिलं, आणि लूसीलने माझा हात दाबला. आम्ही दोघींनी त्या हंगामातला शेवटचा पाक पोळ्यांवर घालून खाल्ला. मी समाधानाने घरी निघाले. गाडी हायवेला लागली, दोन्ही बाजूंना बर्फाखालून काळी माती वर आलेली दिसत होती, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. शैला हेही विनूने ताटात लिहिलेलं नाव. त्या लग्नात मी हजर होते. करवली म्हणून ते ताट माझ्याच हातात होतं, नव्या नावाला सगळ्यांत आधी टाळ्या मी वाजवल्या होत्या. त्याआधी ती कोण होती, हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. आत्ता फोनवरही विचारलं नाही. आणि विचारायची जी एक जागा कागदावर होती, ती मी पान उभं बसावं म्हणून काढून टाकली.

लगेच फोन करायला हवा होता. मी केला नाही. लाज वाटली, आणि लाज वाटते म्हटल्यावर मी नेहमी करते तेच केलं, राग धरून बसले. विनूने केलं ते मोठं, माझं त्यामानाने बारीक, असं स्वतःला सांगत उन्हाळा काढला, मग दिवाळी काढली. विनूशी आता बोलते, हवापाण्याचं. तो पुस्तकाचा विषय काढत नाही आणि मीही काढत नाही. अमेरिकेतल्या त्या सगळ्या घरांमधून मला अजून अधूनमधून मेसेज येतात, आंटी, बुक मस्त झालंय. त्या घरांतल्या बायकांना मी दोन वर्षं फोन करत होते. एकीनेही मला विचारलं नाही की माझं नाव कुठे लिहू. मला तेव्हा ते सोयीचं वाटलं होतं.

काल लूसीलचा तो फोटो आला. बादल्या लागल्या, थेंब पडायला लागले. एका बादलीला तिने चिठ्ठी बांधली आहे, एग्झिल्डा. मी आज सकाळी थर्मामीटर बघितला, चहा तसाच ठेवला आणि पुण्याला शैलाच्या फोनवर फोन लावला.

“ताई? आज रविवार नाही,” ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली.

मी म्हटलं, शैला, तुझं माहेरचं नाव काय?

 तिने गॅस बारीक केला असावा, कुकरचा आवाज थांबला.

“आता काय करायचंय, ताई,” ती म्हणाली. “पुस्तक तर छापून झालं.”